दाढीची जखम आणि तुरटीचा खडा

शाळेच्या वार्षिक अंकात दाढीविषयी लेख पाहून कित्येक वाचकांच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणून आहोत. ज्ञानेश्वरीतील उपमा, ताऱ्यांची अंतरे किंवा सातपुड्यातील वनसंपत्ती असे भारदस्त विषय सोडून आम्ही हा न्हाणीघरातील विषय का निवडला, असा प्रश्न आमच्या सहकाऱ्यांनीही हसत हसत विचारला. त्याचे उत्तर एका लहानशा प्रसंगात आहे.

दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थी एके दिवशी हनुवटीवर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवून वर्गात आला. कपट्याच्या मध्यभागी रक्ताचा ठिपका होता. वर्ग खदखदून हसला. तोही बिचारा ओशाळून हसला. चौथ्या दिवशी त्याची हनुवटी सुजली होती, जखमेतून पू येत होता आणि अंगात ज्वर होता. विचारपूस करता कळले ते असे : घरात कोणालाही न सांगता त्याने वडिलांच्या जुन्या पात्याने, कोरड्याच गालावर, आयुष्यातील पहिली दाढी केली होती. मुरमावरून पाते फिरले, रक्त आले, ते थांबवण्यासाठी त्याने हाताला लागला तो कागद चिकटवला, आणि लाजेस्तव कोणाला काही विचारले नाही. डॉक्टरांच्या औषधाने तो आठवड्यात बरा झाला. परंतु आमच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. त्रिकोणाचे क्षेत्रफळ कसे काढावे हे आम्ही त्याला शिकवले होते. मात्र ज्या गोष्टीची त्याला पुढे पन्नास-साठ वर्षे रोज गरज पडणार, तिच्याविषयी एक अक्षरही आम्ही त्याला सांगितले नव्हते. हा लेख म्हणजे त्या चुकीची भरपाई आहे. विद्यार्थिनींनीही तो वाचावा. कारण पेन्सिलीला टोक काढताना, भाजी चिरताना किंवा शिवणकाम करताना होणाऱ्या बारीक जखमेलाही हेच नियम लागू पडतात.

लहान जखमेचा मोठा इतिहास

आपल्या पूर्वजांनी क्षौरकर्माला क्षुल्लक मानले नव्हते. केस, श्मश्रू व नखे वेळच्या वेळी कापणे हे आरोग्याला व शुचितेला हितकारक आहे, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. आमच्या खेड्यापाड्यांतून बलुतेदारीच्या काळी न्हाव्याची धोकटी म्हणजे निम्मा दवाखानाच असे. गळू फोडणे, काटा काढणे ही कामे त्याच्याकडेच येत. युरोपातही तीच तऱ्हा होती. लंडनमध्ये 1540 सालापासून 1745 सालापर्यंत न्हावी व शल्यवैद्य यांचा संघ एकच होता.

तथापि पात्याच्या एका ओरखड्याने माणसे दगावल्याचीही उदाहरणे इतिहासात आहेत. ज्याच्या सविनय कायदेभंगाच्या विचारांचा महात्मा गांधींनी आदराने उल्लेख केला, त्या अमेरिकन विचारवंत हेन्री डेव्हिड थोरोचा थोरला भाऊ जॉन, 1842 सालच्या आरंभी वस्तऱ्याला कातड्यावर घासून धार लावत असता बोटाला जखम करून बसला. जखम अगदी किरकोळ होती. पण धनुर्वात झाला, आणि काही दिवसांतच, 11 जानेवारी रोजी, भावाच्या बाहूंत त्याने प्राण सोडला.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. 1922 साली इजिप्तमध्ये तूतनखामेन राजाची कबर सापडली. त्या उत्खननाचा खर्च सोसणारे लॉर्ड कार्नारव्हन यांच्या गालाला डास चावला होता. दाढी करताना नेमके त्याच जागी पाते लागले, जखम चिघळली, रक्तात विष भिनले, फुप्फुसांना सूज आली आणि 5 एप्रिल 1923 रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले. वृत्तपत्रांनी 'राजाचा शाप' म्हणून रकानेच्या रकाने भरले. शाप कसला? सूक्ष्म जंतू आणि उघडी जखम यांची ती गाठ होती. पेनिसिलिनचा शोध 1928 साली लागला, आणि रोग्यांना ते मिळू लागण्यास 1941 साल उजाडले. आज अशी औषधे हाताशी आहेत, धनुर्वाताची लस आहे. म्हणून भीतीचे कारण राहिलेले नाही. सावधगिरीचे कारण मात्र आजही तितकेच आहे.

रक्त थांबते कसे ?

उपाय समजून घ्यावयाचा तर आधी शरीराची रीत समजली पाहिजे. आपल्या त्वचेचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, चेहऱ्यावर जेमतेम कागदाइतका जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याखालच्या अंतस्त्वचेत मात्र केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. पाते या जाळ्यापर्यंत पोहोचले की रक्त येते. चेहऱ्याला रक्ताचा पुरवठा विपुल असतो. म्हणून हाताच्या जखमेपेक्षा गालाची तेवढीच जखम अधिक वाहते. परंतु त्याच कारणाने ती लवकर भरूनही येते. निसर्गाने एका हाताने घेतले आणि दुसऱ्या हाताने परत दिले, असाच हा व्यवहार आहे.

केशवाहिनी तुटताक्षणी ती आपोआप आकुंचन पावते. रक्तातील बिंबाणू धावत येऊन भोकाला चिकटतात आणि तात्पुरता बोळा तयार करतात. मग रक्तद्रवातील एक प्रथिन तंतुरूप होऊन फायब्रिनची जाळी विणते, आणि त्या जाळीत रक्तकण अडकून गुठळी बनते. आमच्या बुऱ्हाणपुरात सूत व माग यांची ओळख लहान मुलालाही असते. तेव्हा जखमेच्या तोंडावर शरीर स्वतःच कापड विणते असे म्हटले तर ते कोणालाही पटावे. मात्र मागावरचे सूत सारखे ओढत राहिले तर कापड विणले जाणार नाही. त्याचप्रमाणे जखम पुन्हा पुन्हा पुसली, चोळली, किंवा तिच्यावर पाणी ओतत राहिले, तर गुठळी धरत नाही.

जखम झालीच तर

पहिली गोष्ट, पाते बाजूला ठेवावे आणि घाबरू नये. ओल्या चेहऱ्यावर रक्ताचा एक थेंबही पसरून दहा थेंबांसारखा दिसतो.

दुसरी गोष्ट, जखम स्वच्छ, थंड पाण्याने एकदाच धुवावी. साबणाचा फेस व कापलेले केस निघून गेले म्हणजे पुरे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : स्वच्छ कापडाची घडी किंवा कापूस जखमेवर ठेवून बोटाने पाच मिनिटे सलग दाबून धरावे. 'सलग' या शब्दावर आमचा भर आहे. दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहणारा मनुष्य दर अर्ध्या मिनिटाला नवी गुठळी मोडतो. घड्याळाकडे पाहावे, आरशाकडे पाहू नये.

चौथी गोष्ट, एवढ्यानेही रक्त झिरपत राहिले तर तुरटीचा खडा ओला करून जखमेवर हलक्या हाताने काही क्षण टेकवावा. थोडी आग होईल, ती सोसावी. नंतर उरलेला थर पाण्याने पुसून घ्यावा.

पाचवी गोष्ट, रक्त थांबल्यावर व्हॅसलिनचा पातळ थर लावावा. ओलसर झाकलेली जखम कोरड्या, उघड्या जखमेपेक्षा सुखाने भरते. खपली नखाने काढू नये, आणि जखम पुरती भरेपर्यंत त्या जागेवरून पाते फिरवू नये.

तुरटी हे काम कसे करते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे. तुरटी म्हणजे पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचे जोडसल्फेट. त्याच्या स्फटिकात पाण्याचे 12 रेणू बांधलेले असतात. ॲल्युमिनियमच्या विद्युद्भारित कणांचा स्पर्श होताच जखमेवरील प्रथिने साकळतात, भोवतालची त्वचा आक्रसते आणि केशवाहिन्यांची तोंडे मिटतात. जिभेला लावल्यास तुरटीने तोंड आवळल्यासारखे होते, ते याच गुणामुळे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली असता गाळ तळाशी बसतो, तेथेही विद्युद्भारित कणांचीच किमया असते. तापी पावसाळ्यात गढूळ होऊन वाहते तेव्हा ज्यांनी आजीला हंड्यात तुरटी फिरवताना पाहिले असेल, त्यांना दाढीनंतर गालावर फिरणारा खडा हा त्याच घरातला पाहुणा आहे, हे ध्यानात यावे.

आता काय करू नये तेही सांगितले पाहिजे. वर्तमानपत्राचा कपटा चिकटवू नये. तो अनेक हातांतून आलेला असतो, आणि काढताना गुठळी घेऊनच निघतो. चुना, तंबाखू, राख, माती यांपैकी काहीही जखमेत भरू नये. हळद गुणकारी खरी. पण डब्यातली, सर्वांचे चमचे लागलेली हळद ही निर्जंतुक वस्तू नव्हे. येथे एका गैरसमजाचाही निरास केला पाहिजे. धनुर्वात गंजाने होतो, असे पुष्कळ लोक मानतात. गंज हा लोखंड, पाणी व हवा यांचा संयोग आहे. त्यात रोग नाही. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत, धुळीत व जनावरांच्या शेणात असतात. म्हणून जखमेत माती भरणारा मनुष्य उपाय करीत नसून रोगाची पेरणी करीत असतो. गंजलेले पाते वाईट ते यासाठी की, त्याची धार खरखरीत होऊन कातडी फाडते, आणि अस्वच्छ जागी पडून त्याला घाण लागलेली असते. आपल्या देशाच्या लसीकरणाच्या वेळापत्रकात धनुर्वात व घटसर्प यांची जोडलस 10 व्या आणि 16 व्या वर्षी देण्याची योजना आहे. आपण ती घेतली आहे की नाही, हे प्रत्येकाने आजच आईला विचारावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे ? सलग दाबूनही दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबले नाही, जखम खोल असून तिच्या कडा उघड्या राहिल्या, दोन दिवसांनी लाली पसरू लागली, पू किंवा ज्वर आला, तर विलंब लावू नये. घरातील वडील माणसे हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असतील, तर त्यांचे रक्त थांबण्यास वेळ लागतो, हेही मुलांना ठाऊक असावे. आणि ओठावरचा अथवा नाकाशेजारचा पिकलेला फोड कधीही पिळू नये. त्या भागातील शिरांचा संबंध मेंदूलगतच्या शिरांशी पोहोचतो.

जखम होऊच नये म्हणून

उपायापेक्षा प्रतिबंध केव्हाही स्वस्त. दाढीचा केस कोरडा असता चिवट असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाणी प्याला की तो फुगून नरम होतो आणि सहज कापला जातो. म्हणून दाढी स्नानानंतर करावी, किंवा आधी कोमट पाण्यात भिजवलेला पंचा चेहऱ्यावर धरावा.

येथे आमच्या गावच्या पाण्याची आठवण अपरिहार्य आहे. आमचे बालपण कोकणात, जांभ्या दगडातल्या विहिरीच्या मऊ पाण्यावर गेले. तेथे साबणाला नुसता हात लागला की फेस. येथे आलो तेव्हा कूपनलिकेच्या पाण्यात ब्रश घोळवून हात दुखला तरी फेस येईना, आणि अपुऱ्या फेसावर पाते फिरवून गाल सोलून निघाला. दोष साबणाचा नव्हता. काळ्या पाषाणातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. ते साबणाशी संयोग पावून दह्यासारखा साका बनवतात, आणि तो साका निघून जाईपर्यंत फेस धरत नाही. ज्यांनी आपला कुंडी भंडारा आत उतरून पाहिला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, 1615 साली, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारांतून व शंभराहून अधिक कुंड्यांतून शहरात आणले गेले. त्या भुयारांच्या भिंतींवर चारशे वर्षांत क्षारांचे जाड थर चढले आहेत. जे तेथे भिंतीवर बसले, तेच आपल्या तपेलीच्या तळाशी बसते. उपाय सोपा आहे. पाणी उकळून निवू द्यावे; क्षारांचा मोठा भाग तळाशी बसतो, आणि वरच्या कोमट पाण्याने फेसही येतो व केसही नरम होतो. एका कृतीत दोन कामे होतात.

पाते धारदार असावे. बोथट पाते सुरक्षित, हा नवशिक्याचा भ्रम आहे. बोथट पाते केस कापत नाही, ओढते. मग हात जोर लावतो, आणि जोर लावला की कातडी कापली जाते. पोलादाहून पन्नासपट मऊ असलेला केस पोलादाची धार कशी बोथट करतो, या कोड्याचा उलगडा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2020 साली केला. धार केवळ झिजत नाही. केस वाकलेला असता, पोलादाच्या रचनेत जेथे उणीव असेल तेथे त्याचे सूक्ष्म टवके उडतात. पाते ओढू लागले असे वाटताच ते बदलावे; दोन रुपये वाचवण्यासाठी गाल खर्ची घालू नये.

पाते धरावे तिरपे, हात ठेवावा हलका. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने पाते न्यावे. उलट्या दिशेने नेल्यास दाढी गुळगुळीत होते खरी, पण कातडी सोलते आणि केस आत वळून पुटकुळ्या उठतात. गळ्यावर केसांची दिशा बदलते. ती आधी बोटाने चाचपून पाहावी. मुरमावरून पाते न नेता त्याला वळसा घालावा. नदीतल्या खडकाला नावाडी घालतो तसा. आणि दाढी केल्याने केस दाट उगवतात या आशेने आठवीतल्या मुलांनी घाई करू नये. केस कातडीखालच्या मुळातून वाढतो. वरून कापल्याने मुळाला काही कळत नाही. कापलेले टोक बोथट असल्यामुळे तो राठ लागतो, इतकेच.

पाते वाटून घेऊ नये

शेवटी जी गोष्ट सांगावयाची, तिच्यासाठीच वास्तविक हा लेख आहे. वसतिगृहात व घराघरांत एकच पाते दोघे-तिघे वापरतात. भाऊ भावाचे, मित्र मित्राचे पाते उचलतो, आणि त्यात बंधुभाव मानतो. परंतु पात्यावर डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश राहतो. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस तग धरतो. 'क' प्रकारची कावीळही रक्तावाटेच पसरते. हे विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतात. आणि ज्याच्या अंगात ते असतात त्याला पुष्कळदा त्याची वार्ताही नसते. म्हणून 'तो तर निरोगी दिसतो' हा युक्तिवाद येथे फोल आहे. भाकरी अर्धी करून खावी, पुस्तक वाटून वाचावे. पाते मात्र ज्याचे त्याने वापरावे. तुरटीच्या खड्यालाही हाच नियम लावावा.

केशकर्तनालयात गेल्यावर नवे पाते आपल्या डोळ्यांदेखत बसवावयास सांगावे. यात त्या कारागिराचा अपमान नाही. ज्या व्यवसायात संत सेना महाराजांसारखा भगवद्भक्त झाला, तो व्यवसाय आदरास पात्र आहे. आणि त्या कारागिराच्या स्वतःच्या बोटांनाही रोज पाते लागत असते, तेव्हा स्वच्छतेत त्याचेही रक्षण आहे. सभ्य शब्दांत मागितलेले नवे पाते कोणीही सुज्ञ कारागीर नाकारत नाही. दुसऱ्याच्या वापरलेल्या पात्याने जखम झालीच, तर ती साबणपाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. काही रोगांवरील प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत सुरू केली तरच उपयोगी पडतात. लाजेने गप्प बसणे हीच येथे खरी जखम.

वापरलेले पाते खिडकीतून अथवा कचऱ्याच्या ढिगात भिरकावू नये. पहाटे तो ढीग उपसणाऱ्या सफाई कामगाराच्या हाताला, अथवा त्यात तोंड घालणाऱ्या गाईच्या जिभेला ते लागते. एका रिकाम्या पत्र्याच्या डबीच्या झाकणाला चीर पाडून तीत पाती साठवावी, आणि डबी भरली की बंद करून, वर 'पाती' असे लिहून द्यावी. आपली जखम टाळणे हा शहाणपणा. अनोळखी माणसाची जखम टाळणे हा संस्कार.

आमचा तो विद्यार्थी आता बरा आहे. त्याच्या हनुवटीवर एक लहानसा व्रण राहिला आहे. परवा त्याने आपण होऊन आमच्याजवळ येऊन सांगितले की, धाकट्या भावाला मिसरूड फुटू लागले आहे आणि त्याला पहिली दाढी कशी करावी हे आपण स्वतः शेजारी उभे राहून दाखवणार आहोत. पाणी उकळून ठेवीन, नवे पाते आणीन, असेही तो म्हणाला. ही गोष्ट वडिलांनी मुलाला, भावाने भावाला निःसंकोच सांगावी, एवढेच आमचे मागणे आहे.